थांब्याकडची भिंत

रात्री दोनला, उणे चौदात,
रीगातल्या नदीपलीकडच्या एका शाळेसमोर
मी कॅमेरा डोळ्याला लावला.
दिवसा राखाडी, अबोल दिसणारी ती इमारत
पडद्यावर पेटलेली होती.
खिडक्यांच्या कडा पिवळ्या,
छताची शिवण लालभडक,
आणि ट्रामच्या थांब्याकडची भिंत तर
चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या तव्यासारखी.

शेजारी ओयार्स. शाळेच्या किल्ल्या त्याच्याकडे, बॉयलरही त्याच्याचकडे.
"एकतीस वर्षं हिला पाजतोय," म्हणाला,
"हिचं पोटच भरत नाही."
भरेल कसं? तळघरात तो आंधळ्यासारखा दळत होता
आणि पीठ खात होता रस्ता.

सकाळी तिसरीच्या वर्गात गेले.
रेडिएटरजवळची मुलं घामाघूम,
म्हणून विझ्माबाई खिडकी उघडतात,
म्हणून खिडकीजवळची मुलं कोट चढवतात,
म्हणून ओयार्स खाली आच वाढवतो,
म्हणून विझ्माबाई
दुसरी खिडकी उघडतात.

नगरपालिकेच्या सभागृहात हवामानाचं लक्ष्य टांगलंय.
आकडा एवढा मोठा
की मागच्या खिडकीची फट त्यानं झाकली जाते.
बैठकीत मी त्याच्याखाली बसते.
माझं पडसं तिथलंच.

उन्हाळ्यात पराती बांधल्या.
भिंतीचा गिलावा उतरवला तेव्हा आत सापडले
वर्तमानपत्रांचे बोळे, चिंध्या,
आणि एक लहान लोकरी हातमोजा, फटीत ठासून बसवलेला.
म्हणजे आमच्या आधीही कुणीतरी,
निविदेवाचून, शिक्क्यावाचून,
ही भिंत बुजवायला बसलं होतं.
ओयार्सनं मोजा झटकला, खिशात टाकला.
कुणाचा, ते सांगितलं नाही.

मग हिवाळा आला आणि शाळेच्या छतावर बर्फ टिकला.
या गल्लीनं तो तिथं कधी पाहिला नव्हता.
मुलं मान वर करून बघत राहिली.
ओयार्स मीटरच्या काचेवर टिचक्या मारत होता,
"मेलाय हा."
मेला नव्हता. निम्म्यावर आला होता.
मी अहवालात आकडा लिहिला, दोनदा अधोरेखित केला,
आणि खरं सांगते, त्या रात्री
मला छान झोप लागली.

आउस्मा मला दुसऱ्या आठवड्यात दिसली.
इस्पितळाच्या धोबीघरात जाते, पहाटेच्या ट्रामनं.
तिनं थांब्याकडच्या भिंतीला पाठ टेकवली.
काढली. जरा सरकून पुन्हा टेकवली.
मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं,
जणू मी तिच्या कोटातून
काहीतरी काढून घेतलं होतं.

माझ्या तक्त्यात
तिच्या पाठीसाठी रकाना नव्हता.
घरी जाऊन हिशेब केला: वीस मिनिटं, एक माणूस,
अर्धा चौरस मीटर भिंत.
दशांशचिन्हानंतर कितीतरी शून्यं, मग कुठं एक आकडा.
थांब्याला तीन बाजूंचा आडोसा हवा म्हणून पत्र लिहिलं.
उत्तर आलं: थांबा ट्राम खात्याचा.
ट्राम खात्यानं कळवलं: भिंत शाळेची.

आता आलेखात रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी
एक बारीकसा दात दिसतो.
तेव्हा ओयार्स बाजूचं दार उघडतो.
आत कोट टांगायच्या खुंट्यांखाली
मुलांचा बुटका बाक आहे;
त्यावर चार-पाच मोठी माणसं
गुडघे हनुवटीशी घेऊन
ट्रामची वाट पाहत बसतात.

परवा साहेबांनी बोट ठेवलं त्या दातावर:
इथं अजून गळती दिसते?
नाही, म्हटलं,
ही मोजलेली आहे.