रिकामा खिसा

कुक्सहाफेनच्या बंदरामागे, रविवारच्या जुन्या बाजारात
गरुडाच्या पंजातलं चिन्ह
पांढऱ्या चिकटपट्टीखाली झाकून विकतात. कायदा आहे.
मी पट्टी उचकटत नाही.
मला सही बघायची असते.

अडतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
शाई खोटं बोलली की बोटांना कळतं.
छापलेली सही कागदाच्या पाठीला लागत नाही.
खरी लागते,
कारण ती करणारा हलत्या टेबलाशी होता
आणि त्याला अजून चाळीस करायच्या होत्या.

गेशेबाईंनी मला घरीच बोलावलं.
मेणकापडावर मांडून ठेवलं होतं सगळं, बशी सरकवून:
सुरुंग काढणाऱ्या ताफ्याचं सन्मानपत्र,
खलाशी आयलर्ट बेहरेंड्स याच्या नावे
(टंकयंत्राचा एक दात पडलेला, प्रत्येक ओळीत तीच फट),
पगारपुस्तिका, तीत मोज्यांचे दोन जोड मिळाल्याची नोंद,
डावी दाढ भरल्याची नोंद,
आणि कप्तानाचं पत्र, ज्यात समुद्र शांत होता.

एकाच माणसाचे सगळे कागद एकत्र!
आमच्यात याला काय भाव येतो, ते त्यांना ठाऊक नव्हतं.
मी सांगितलं नाही.

मग पुस्तिकेच्या मागच्या खिशातून घसरला
रजेचा पास. चार घड्या, घडीवर झिजून आरपार.
तीन ते दहा फेब्रुवारी, चव्वेचाळीस.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "बाकीचं न्या."

मी भाव वाढवला. मग दुप्पट केला.
तेव्हा लाज वाटली नाही.
संच अपुरा राहिला की माझ्यासारख्याला रात्री झोप लागत नाही,
हेही सांगून पाहिलं.

त्यांनी पासवर तळहात ठेवला,
गरम तव्याचा अंदाज घेतात तसा, जरा वरून.
"मोजा," म्हणाल्या. "माझा जन्म ऑक्टोबरअखेरचा."

मी मोजले. बोटांवर, पोस्टातल्या सवयीनं.

"बोट मे महिन्यात गेली. ते तेवढेच आले होते घरी."

उरलेले कागद मी आधी ठरलेल्या भावाला घेतले,
मग दारातून परत फिरून खरा भाव दिला.
त्यांनी मोजून घेतला, नोट उजेडाला धरून.

आता अल्बममध्ये त्या पानावर पाच खिसे भरलेले,
सहावा रिकामा.
दर महिन्याला कोणीतरी जाणकार येतो,
भिंग खाली ठेवतो, विचारतो,
इथलं काय हरवलं?

मी म्हणतो, हरवलेलं नाही.
रजेवर आहे.