बारा मिलिमीटर

कूबर पीडीला उन्हाळ्यात काम पहाटे साडेतीनला काढायचं,
नंतर पाना हातात धरवत नाही.

जमिनीच्या पोटातल्या घरातून
नवे कमानपाटे मी एकेक करून वर ओढले,
छत्तीस किलोचा एक.
खोक्यावर खडूने लिहिलेलं : मागचा, उजवा.
कारखान्यातल्या कुणाचं तरी घाईचं अक्षर.

स्टेल्यो शेजारून घडीची खुर्ची घेऊन आला.
कंबर गेलेली, तोंड शाबूत.

सहा वर्षं ऊडनाडॅटाचं टपाल वाहून
जुन्या पाट्यांची कमान उतरली होती.
रिकामी गाडीसुद्धा ढुंगण टेकून बसलेली.
त्या रस्त्यावर वीतभर अंतरावर लाटा आहेत,
शेकडो किलोमीटर नुसत्या लाटा,
आणि त्या वाऱ्याने घातलेल्या नाहीत,
आमच्याच चाकांनी घातल्यात.
मीच खणते, मीच आपटते,
रात्री दाढा मोजून झोपते.

जॅक लावला. स्टेल्यो म्हणाला, घोडी कुठंय?
म्हटलं, पाच मिनिटांचं तर काम.
तो काही बोलला नाही. खुर्ची जरा मागे सरकवली.
तीस वर्षं जमिनीखाली ओपल शोधलेला माणूस
डोक्यावरच्या वजनाची थट्टा करत नाही.
मी उठले, दोन्ही घोड्या आणल्या.

डावीकडचा यू-बोल्ट हलेना.
तेल पाजलं. वाट पाहिली.
पुन्हा तेल पाजलं, शिव्या दिल्या, माझ्या आजीच्या क्रोएशियन शिव्या,
ज्यांचा अर्थ मला अर्धाच कळतो.
शेवटी पान्याला दोन हात पाइप अडकवून
सगळी मी त्यावर लोंबकळले.
कडाड.
नट सुटला की मनगट, क्षणभर समजेना.
बोटांच्या पेरांवरची साल गेली,
तांबड्या मातीत रक्त वेगळं दिसतसुद्धा नाही.

मग नवं बसवणं.
मधल्या बोल्टाचं डोकं आसाच्या भोकात पडायचं,
आणि ते बोटभर पुढे, नाहीतर बोटभर मागे.
जॅक थोडा वर. गुडघ्याने ढोस. थोडा खाली.
स्टेल्यो : तिकडे नाही, माझ्याकडे.
टक्.
इतका लहान आवाज,
आणि पोटात केवढं निवलं.

गाडी खाली घेतली.
बुशचे नट तेव्हाच आवळायचे,
ती स्वतःच्या पायांवर उभी राहिल्यावर,
अधांतरी आवळलेलं रबर पिळवटून फाटतं.
पट्टी घेतली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत.
उजवी बाजू बरोबर.
डावी बारा मिलिमीटर खाली.
पुन्हा मोजलं. बारा.
टायरची हवा पाहिली. बारा.
ऊन आता पत्र्यावर आलं होतं.
मी मातीत बसले, हात टेकले,
पाटे उलटेपालटे बसले, सगळं पुन्हा खोला,
उद्या टपाल, विल्यम क्रीकच्या मुलीची इन्सुलिन,
आणि माझ्याच्याने आता एक नट फिरायचा नाही.

स्टेल्यो खुर्चीतून उठला, ते उठणं बराच वेळ चाललं.
पट्टी माझ्या हातातून घेतली.
"आत बैस."
"कशाला?"
"बैस तू."

बसले. सुकाणूमागे, उजवीकडे, रोजच्या जागी.
गाडी जराशी कलली, जांभई दिल्यासारखी.
बाहेर तो वाकला, कण्हला, मोजलं.
"दोन."
"आणि हे दोन?"
"तुझी न्याहारी झालेली नाही."

कुणीतरी, कुठल्या तरी शहरात,
मला न पाहता
माझं वजन हिशेबात धरून ठेवलं होतं.
नवऱ्यालासुद्धा ते कधी अंदाजे सांगता आलं नाही.

जुने पाटे स्टेल्योने मागितले, पोलाद चांगलं आहे, सुऱ्या होतील म्हणाला.
नेताना दोघं मिळून तीनदा थांबलो.
डॅशबोर्डवर मी खडूने लिहिलं :
पाचशे किलोमीटरनंतर सगळं पुन्हा आवळायचं.
खाली तारीख टाकली,
आणि पाव गरम करायला जमिनीत उतरले.