परिशिष्ट तीन

रस्त्यांची यादी मीच टाइप केली होती.
चारशे बारा रस्ते, अकारविल्हे,
लांबी, रुंदी, आठवड्यातून किती वेळा झाडायचा,
आणि शेवटच्या पानावर सह्यांपुरती जागा.

हॅल्मथॉर्प तसं मोठं गाव नव्हे.
समोर उत्तर समुद्र, मागे वाटाण्याची शेतं,
आणि मधे वारा.
"वारा इथला सगळ्यात जुना कामगार," ऑर्मरॉड म्हणायचा,
"एका बाजूने झाडतो, दुसऱ्या बाजूला सांडतो."

ऑर्मरॉड एकतीस वर्षं नगर परिषदेत.
खराटा स्वतःच बांधायचा, बर्चच्या काटक्यांचा.
प्लास्टिकच्या ब्रशने ओली पानं उठत नाहीत,
नुसती गोंजारली जातात म्हणे.
त्याला यादी दाखवा असं कुणी सुचवलं नाही.
मलाही सुचलं नाही.

मतं पडली नऊ विरुद्ध आठ.
फेनविकबाई म्हणाल्या, सेवा तीच राहील,
फक्त गाड्यांचा रंग बदलेल.
बदलला. हिरव्याचा जांभळा झाला.
ऑर्मरॉडच्या अंगावर लांब बाह्यांचं जांभळं जाकीट आलं
आणि मनगटावर एक यंत्र.
झाडलेला रस्ता त्यात राखाडी होतो, राहिलेला लाल.

हेरिंग स्टेप्स लालही नव्हत्या, राखाडीही नव्हत्या.

अठ्ठावन्न पायऱ्या,
मासळीच्या धक्क्यापासून थेट चर्चच्या फाटकापर्यंत.
गाडी जात नाही, म्हणून नकाशात तिथे भिंत आहे.
मी नकाशावरून यादी केली.
त्याची यादी पायांत होती.

पहिल्या महिन्यात चिप्सचे तेलकट कागद.
दुसऱ्यात सीगल पक्ष्यांनी फाडलेली पिशवी,
आतून कुणाचा तरी आख्खा नाताळ बाहेर.
तिसऱ्यात पानांचा चिखल, आणि वरच्या अंगाला राहणाऱ्या
विनिफ्रेड टॅस्कर चव्वेचाळिसाव्या पायरीवरून घसरल्या.
खुबा वाचला. मनगट गेलं.
त्यांचा फोन मीच उचलला.

कंपनीने विचारलं, परिशिष्ट तीनमध्ये कितवा क्रमांक?
मी पान उलटलं.
हेदर क्लोज. हेन्री स्ट्रीट. मग हिल रोड.
मधे एक ओळ शिरेल एवढीही फट मी ठेवली नव्हती.

वाढीव कामाचा दर आला:
वर्षाला सहा हजार चारशे पौंड, कर वेगळा.
फेनविकबाई म्हणाल्या, पुढच्या अंदाजपत्रकात बघू.
कंपनीने हात झटकले, परिषदेने झटकले, मीही.
इतके स्वच्छ हात या इमारतीत कधी पाहिले नव्हते.

मार्चमध्ये पत्र आलं.
विषय: कराराबाहेरील स्वच्छता.
आपल्या हद्दीतील एका पायरीमार्गावर
अनधिकृत झाडलोट होत असल्याचे निदर्शनास आले आहे.
विम्याच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.
संबंधित व्यक्ती कोण, ते कळवावे.

रविवारी सकाळी सहाला गेले.
धुरावलेल्या माशांचा वास, कठडा ओला.
आधी आवाज आला.
खर्र, खर्र, थांब.
पायरीला दोनदा, कोपऱ्यात एकदा, तेही खराट्याच्या टोकाने.
अंगात जुनं हिरवं जाकीट,
परिषदेचं चिन्ह उसवून काढलेलं;
तेवढीच जागा अजून गडद, ऊन न लागलेली.

"कठड्याला धर," तो मान वर न करता म्हणाला,
"खालच्या वीस राहिल्यात अजून."
पत्र माझ्या खिशात होतं.
मी झाडलेल्या पायरीवर बसले.
दगड गार होता, आणि मधोमध खोलगट,
कुणाकुणाच्या पायांनी झिजलेला, देव जाणे.

सोमवारी उत्तर टाइप केलं.
संबंधित व्यक्ती: वारा.
कामाचा अनुभव: बराच.
जावक क्रमांक टाकला, सही केली.

काल त्यांचं स्मरणपत्र आलंय.
पूर्ण नाव कळवावे.