सतरा मार्क

नागाळा पार्कातल्या आमच्या शाळेच्या फाटकावर
संग्राम मोरबाळे दहा फूट उंच आहे.
फ्लेक्सवर. उजवा पाय हवेत, चेंडू बुटापासून जरासा सुटलेला,
शेजारी संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा, चेंडूच्या चौपट.

वर्गात तो शेवटच्या बाकाच्या मापाचा.
म्हणजे येतो तेव्हा. सप्टेंबरात चार दिवस आला.

परवा रात्री गठ्ठ्यातून त्याचा पेपर वर आला,
नववी ब, गणित, सहामाही.
कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती.
पहिल्या पानावर नाव, ठसठशीत,
सही द्यायची सवय झाल्यासारखं.
दुसऱ्या पानावर काही समीकरणं,
ज्यांच्या दोन्ही बाजू एकमेकींना ओळखत नव्हत्या.
मग कोरं. कोरं. कोरं.
आणि अगदी शेवटी, तळाशी, पेन्सिलीनं,
पुसता येईल असं:
‘मॅडम, माझा पेपर खरंच कोण बघतंय काय?’

कुकर किती वाजला मोजलं नाही.
खिचडी लागली.

सकाळी कपाटातून त्याचे जुने पेपर काढले.
बरोबरच्या खुणा होत्या सगळीकडं:
चुकलेल्यावर, खोडलेल्यावर,
एके ठिकाणी तर नुसत्या शाईच्या डागावर.
पस्तीस. पस्तीस. छत्तीस,
तेव्हा कुणीतरी जास्तच उदार झालं असावं.
पुन्हा पस्तीस.
त्यातलं एक पस्तीस माझ्या अक्षरातलं.

लाल पेन घेऊन बसले मग.
अठरा झाले. दोनदा बेरीज केली, अठराच.

गवंडी सर म्हणाले,
‘सतरा मार्कांचं काय घेऊन बसलाय बाई?
पोरगं शाळेचं नाव काढतंय.
वीस तारखेला सेमीफायनल आहे,
आणि नापास पोराला उतरवता येत नाही.
नियम आपलाच आहे, आपणच केलाय.’
तो नियम फ्रेम करून लावलाय त्यांच्या डोक्यामागं.
काचेत पंखा फिरत असतो,
त्यामुळं वाचता येत नाही.

मी पेठेतली आहे.
शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वडलांच्या मांडीवर बसून
पाढ्यांच्या आधी शिव्या शिकले.
मला एवढं कळतं की
खांबाला घासून बाहेर गेलेला चेंडू
अख्खी तालीम बोंबलली तरी गोल होत नाही.
तिथं कुणी म्हणत नाही,
जाऊ द्या, वीतभरच तर चुकला, गुणी आहे पोरगं.
म्हणून तर तो असा खेळतो.

संगणकात पस्तीस गेले.
कुणी घातले, मी विचारलं नाही.
हेही लिहून ठेवते: विचारलं नाही.

पेपर मात्र माझ्याकडंच होता.
मंगळवारी सरावाच्या आधी त्याला बोलावलं.
गुडघ्यावर वाळलेला चिखल, बुटांच्या खिळ्यांचा
फरशीवर कटकट आवाज.
पेपर पुढं ठेवला. फुल्याच फुल्या.
तो बघत राहिला एकेक,
कुणीतरी गर्दीतून टोपणनाव सोडून
खऱ्या नावानं हाक मारावी, तसा.

‘अठरा व्हय?’
‘अठरा.’
‘खरे?’
‘खरे.’

हसला.
फ्लेक्सवर तो हसत नाही.

मग बोट एका फुलीवर ठेवून म्हणाला,
‘ह्ये क्ष म्हंजे काय असतंय मॅडम?
सातवीपासनं विचारायचं राहिलंय.’

बाहेर मैदानावर कोचनी शिट्टी मारली,
एकदा आखूड, मग लांबलचक.
त्यानं खिडकीकडं बघितलं.
मी खडू उचलला, काही बोलले नाही.

‘धा मिनिटं,’ म्हणाला,
आणि बूट काढून
पहिल्या बाकावर बसला,
जिथं त्याचे गुडघे मावत नव्हते.