प्रसंग सत्तेचाळीस

सहाशे बारा पानं, तीन खंड,
आणि बोरस्ते म्हणतो, दोन तास दहा मिनिटं. मध्यंतर धरून.
द्राक्षं दुबईला पाठवणारा माणूस,
पेटीत माल किती बसतो ते त्याला बरोबर कळतं.

पहिल्या आठवड्यात मी हवामान बदललं.
त्यांच्या माळरानावर बारा महिने धुकं,
आपल्या गंगापूर रोडला धूळ.
मग निफाड आठवलं.
डिसेंबरात पारा चारावर आला की
बागांमधून रात्रभर शेकोट्या पेटवतात,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.
पहाटे तो धूर वेलींच्या कमरेइतका उभा राहतो.
त्यातून नायिका चालत येईल. फुकट.
बोरस्तेला सगळ्यात आवडलं ते हे.

पत्राचं मात्र जमेना.
पत्र उशिरा पोचतं म्हणून तर अख्खी कादंबरी उभी आहे,
मोबाईल आला की विसाव्या पानावर लग्न.
शेवटी चौऱ्याहत्तर साल धरलं, रेल्वेचा संप,
नाशिकरोडच्या फलाटावर टपालाच्या गोण्या पडून.
संप मे महिन्यातला, धूर डिसेंबरातला.
"कोण मोजतंय, भौ?"

मोजत होत्या आढावबाई.
शरणपूरला राहतात.
एकतीस वर्षं कॉलेजात हीच कादंबरी शिकवली.
त्यांची प्रत घेऊन मी लिहीत होतो,
कणा सुटलेला, समासात शिसपेन्सिल,
अक्षर इतकं बारीक की वाचायला बाईंचंच भिंग लागायचं.

दर गुरुवारी लिहिलेलं वाचून दाखवायचो.
काकाचं मृत्युपत्र काढलं, बाई काही बोलल्या नाहीत.
दोन बहिणींची एक केली, त्यांनी खारी चहात बुडवली.
आणि तो निवेदक, दर चार पानांनी वाचकाचा खांदा धरणारा,
त्याच्यासाठी कॅमेरा कुठे लावायचा?
काढला.
"बरं झालं. फार बोलायचा."

मग विचारलं, "ती कुठंय?"
"कोण?"
"एकशे अठ्ठ्याण्णव पान. कोळसा घेऊन येते ती."

पान काढलं. दीड ओळ.
दिवाणखान्यात मोठी माणसं लग्नाचं, पैशाचं बोलतायत,
एक मुलगी बादली घेऊन आत येते,
विस्तव नीट करते, जाते.
लेखकानं नाव दिलेलं नाही.
समासात पेन्सिलीनं होतं, सगुणा.

"माझी आई," बाई म्हणाल्या,
"पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर बंब पेटवायची. तेराव्या वर्षी.
तिनं सगळं ऐकलेलं. इंग्रजी येत नव्हतं, तरी."
मग म्हणाल्या, खारी संपली वाटतं.

त्या रात्री प्रसंग सत्तेचाळीस लिहिला.
सातपूरची एक मुलगी घेतली, श्रावस्ती गांगुर्डे,
नववीतली, दिवसाचे आठशे रुपये.
"सर, बादली खरंच भरू का?"
भरली.
म्हणून तो खांदा तिरका झाला, तो अभिनय नव्हता.
तिसऱ्या टेकला ती दाराशी थांबली,
पटकथेत नव्हतं तसं,
आणि मोठ्या माणसांकडे एकदा बघितलं,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं.

संकलनात गेलं ते.
बोरस्तेचा दोष नाही.
"लय पडतेय इथे," हे माझ्याच तोंडून निघालं.

राहिला एक हात.
सत्तावन्नाव्या मिनिटाला नायक खिडकीशी वळतो,
तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यात, शेगडीत कोळसा ठेवणारा,
नखं काळी, साडेतीन सेकंद.

बाईंना पहिल्या खेळाला घेऊन गेलो, कॉलेज रोडला,
पहिल्या रांगेत, कारण आता त्यांना तेवढंच दिसतं.
पहाटेच्या धुराला टाळ्या पडल्या.
बाई हातांची घडी घालून.
सत्तावन्नाव्या मिनिटाला त्यांनी पर्स उघडली,
मला वाटलं भिंग काढतायत.

पेन्सिल होती.
अंधारातच, तिकिटाच्या पाठीवर,
त्या काहीतरी लिहू लागल्या.