सरासरी

कंपनीचा फोटो वेगळा.
त्यात काच पुसून घ्यावी लागते, आकडे सरळ यावे लागतात,
बोटाची सावली पडली तर सायेब परत पाठवतो.
दिवसाला दीडशे मीटर, तांडापेठ ते नाईक तलाव,
जिन्याखाली, संडासाशेजारी, चपलांच्या वर,
जिथं जिथं माणसं वीज लपवून ठेवतात.
मे महिन्यात मोबाईलच सांगतो, मी तापलोय, थांब.

माझा फोटो एकच. रोजचा. त्यात आकडा नसतो.

सुरू कसं झालं ते विचारू नका.
गोळीबार चौकात पोहे खात होतो,
तर्रीत हरभऱ्याचा एक दाणा बुडाला, पुन्हा वर आला,
मी खिशातून मोबाईल काढला.
पोहेवाला म्हणाला, "काहून भाऊ, केस निघाला का?"

तेव्हापासून दोन हजार एकशे चार.
कुंदा म्हणते, एवढ्यात माझा एक तरी सरळ काढला असता.
काढलेत की.
कूलरला वाळ्याची नवी ताटी बांधतानाचा,
नुसती पाठ, आणि दातात धरलेली सुतळी.
छिंदवाड्याला तिच्या बहिणीकडे जाताना बस घाटात तापली,
सगळे खाली उतरून डोंगर बघत होते,
ही एकटी आत, खिडकीत, संत्रं सोलत.
समुद्र एकदाच पाहिला, पुरीला.
त्या दिवशीच्या फोटोत वाळूत कोणाची तरी एक चप्पल आहे.
समुद्र मागं कुठंतरी असेल, निळसर.

गिरजाबाई पौनीकरकडे मीटर मागाच्या डोक्यावर.
माग बंद, त्यावर गोधड्या.
"आला का बे फोटोवाल्या?" म्हणत ती आधी बल्ब विझवायची,
जणू तेवढ्यात आकडा उतरेल.
एका मार्चात म्हणाली, माह्याही काढ एक.
मीटरचा काढतं ना, तसाच. पुसून.
आणि पदरानं तिनं स्वतःच चेहरा पुसला,
काच पुसतात तसा, वरून खाली.

पुढच्या फेरीला कुलूप.
यंत्रात शेरा टाकला: दार बंद.
दार बंद असलं की कंपनी सरासरी लावते,
मागच्या तीन महिन्यांची.
त्या खोलीत कोणीच न लावलेला पंखा
कितीतरी दिवस कागदावर फिरत राहिला.

माझेही काही दिवस दार बंद आहेत.
डेंग्यूचे नऊ.
रुचिताच्या निकालाचा एक, का नाही काढला आठवत नाही.
आणि तान्ह्या पोळ्याचा,
पिवळी मारबत काळीला भेटली तेव्हा
हजार मोबाईल वर होते,
माझा खिशात, आणि हात रिकामे,
आणि मी मोकळ्या डोळ्यांनी नुसता ओरडत होतो.

त्या दिवसांना सरासरी लावून पाहतो कधीकधी.
एक चहा, अर्धा जिना,
कोणाची तरी पाठ, पाच वाजताचं ऊन.
जमत नाही.
कुठल्याच फोटोनं कुठल्याच फोटोला भाग जात नाही,
बाकीच उरते सगळी.

आता मीटर आपला आकडा आपणच पाठवणार म्हणतात.
मला टेबलावर बसवतील,
किंवा नाही बसवणार.
गिरजाबाईचा फोटो तिच्या पोराला द्यायचा राहिलाय.
तो पुण्याला असतो, शेजारीण सांगते, नंबर मात्र नाही.

आज तिच्या गल्लीतून मुद्दाम गेलो.
कुलपात पाणी जाऊ नये म्हणून कोणीतरी
त्याला दुधाची पिशवी बांधलीय, निळी.
उजेड जात होता.
सवयीनं पिशवी पुसली, वरून खाली.
बोटाची सावली पडली.
राहू दिली.