पाचशे मायक्रॉन

कागद मीच टाकला होता.
काळा, पाचशे मायक्रॉन, जोड तापवून चिकटवलेले.
थेंब झिरपणार नाही, अशी जबान दिली होती
खिलारे तात्यांना.
झिरपला नाही.

आमच्या आटपाडीकडं नदी म्हणजे वाळूची वाट,
पुलाखालनं शेरडं जायची.
पोहायला शिकवणार कोण, आणि कशात?
माझ्या बापाला जन्मभर
गुडघ्याच्या वर पाणी लागलं नाही.
गेला तेव्हा खांद्यावर घागरीचा घट्टा होता.

मग पाइपातनं डोंगर चढून पाणी आलं.
डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या
आणि बागेबागेच्या उशाला एकेक तळं,
चौकोनी, नितळ, आभाळ पोटात घेतलेलं.
आम्ही ते लिटरमध्ये मोजलं, एकरांत मोजलं,
किती उन्हाळे निघतील त्यात मोजलं.
पुरुषभर आणि वर आणखी दोन पुरुष,
असं कुणी मोजलं नाही.

सहावीचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी
स्वरूप आत उतरला फक्त चप्पल काढायला.
तीही स्वतःची नव्हे, अल्फाजची,
खेळता खेळता भिरकावलेली.
तीन पावलं.
कागदावर शेवाळ धरतं, डोळ्याला दिसत नाही,
बोट लावून बघा, साबण.

अल्फाजनं ठिबकची नळी ओढून आणली.
चार हात आखूड पडली.
लोक अजून विचारतात त्याला,
तू उडी का नाही घेतलीस रे?
मी मधे पडतो. घेतली असती,
तर दोन घरांत चूल पेटली नसती त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी तात्या म्हणाले,
"कागद तपास बाबा, कुठं फाटलाय का."
रागानं नव्हे. माणूस काहीतरी बोलतो.
मी पालथा पडून उताराचा वीत न वीत बघितला.
नखांच्या रेघा होत्या.
फाटला कुठंच नव्हता.
इतकं चोख माझं काम.

आता कागदाबरोबर दोर नेतो.
बोरच्या मोटरीचा जुना नायलॉन,
हातभर अंतरावर गाठ,
अकरा वर्षांच्या मुठीत बसेल एवढी.
चारी बाजूंना, वर लोखंडी खुंट,
खाली टोक तळाला टेकलेलं,
कारण पाणी उतरतं आणि दोर आखूड होतो.
मधोमध ट्रॅक्टरची ट्यूब.
बिलात लावत नाही.

"अभद्र करू नगंस," कुणी म्हणतं,
"नवं तळं हाय, नारळ फोडायचाय अजून."
फोडा की. तोवर मी गाठी मारतो.
एक बाई म्हणाली, "कुंपण हाय की दादा, दोर कशाला?"
तिचं पोरगं कुंपणावरच बसलं होतं,
पेरू खात.

परवा शाळेत बोलावलं. मला भाषण येत नाही.
फळीवर कागदाचा तुकडा ठोकला,
फळी तिरकी लावली, वर बादली ओतली.
म्हटलं, चढा.
सगळी घसरली, सगळी हसली,
हेडमास्तरही घसरले.
मग दोर सोडला. दोरानं सगळी चढली.

म्हटलं, कोण पडलं तर आपण उतरायचं नाही.
दोर, फांदी, रिकामा कॅन, हाताला येईल ते फेकायचं
आणि बोंबलायचं.
बोंबलायचं म्हणजे कसं? दाखवा.
वर्गाची कौलं हलली.
हात वर केला, पोरं थांबली.

आणि मग, सगळं गप्प झाल्यावर,
मागच्या बाकावरून
अल्फाज ओरडला.
लांब. छाती रिकामी होईपर्यंत.
श्वास घेऊन पुन्हा.

मास्तरांनी घंटेकडं बघितलं,
पण त्याला थांबवलं नाही.